बार्ब घोडा अरबी घोड्याचाच वंशज आहे काय?

प्रश्न : मोरोक्को, अल्जीरिया या देशांतील प्रसिद्ध बार्ब घोडा हा सातव्या शतकात अरबांनी तेथे नेलेल्या घोड्यांचाच वंशज आहे, असे वाचनात आले. हे खरे मानावे काय?

उत्तर : मानू नये. अरब फौजा उत्तर आफ्रिकेत उतरण्यापूर्वी आठशेहून अधिक वर्षे तेथील न्युमिडियन (आजच्या अल्जीरियाच्या परिसरातील) घोडेस्वारांचा दबदबा होता. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीच्या लढाईत ते रोमचा शत्रू असलेल्या कार्थेजच्या हॅनिबल या सेनापतीकडून लढले, तर इ.स.पू. २०२ मध्ये झामा येथे न्युमिडियाचा राजा मासिनिसा आपले स्वार घेऊन रोमनांना मिळाला आणि हॅनिबलचा पराभव झाला. हे घोडे लहानखुरे व सडपातळ असल्याचे रोमन इतिहासकार लिव्ही लिहितो. रोममधील सम्राट ट्राजनच्या स्तंभावर कोरलेले उत्तर आफ्रिकेतील मूर स्वार तर मुद्दाम निरखून पाहण्याजोगे आहेत. घोड्याच्या पाठीवर खोगीर नाही, तोंडात लगाम नाही, आणि तरीही स्वार भरधाव निघालेले आहेत.

मग हे घोडे तेथे आले कोठून? आफ्रिकेतीलच एखाद्या रानटी घोड्यापासून बार्ब निपजला, हे मत काही अश्वप्रेमी हिरिरीने मांडतात. मात्र त्याला भक्कम पुरावा नाही. आजच्या पाळीव घोड्यांचे मूळ व्होल्गा व डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यांत असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनातून दिसले. तेथून पश्चिम आशियामार्गे घोडा तेथे आशियातून आलेल्या हिक्सोस राजांच्या राजवटीच्या सुमारास, म्हणजे इ.स.पू. सतराव्या-सोळाव्या शतकांत, इजिप्तमध्ये पोहोचला आणि पुढे पश्चिमेकडे पसरला असावा, हेच अधिक संभवनीय वाटते. अल्जीरियातील तासिली पठारावरच्या शैलचित्रांत घोडे जुंपलेले रथ आहेत आणि सहारातील गारामांतीस लोकांच्या चार घोड्यांच्या रथांचा उल्लेख ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इ.स.पू. पाचव्या शतकातच केला आहे.

पुढे अरबी रक्त या घोड्यांत मिसळले, हे मात्र नाकारता येत नाही, आणि बहुधा त्यामुळेच हा गैरसमज रूढ झाला असावा. तरीही शुद्ध बार्बची ठेवण वेगळीच राहिली. अरबी घोड्याचा चेहरा कपाळाखाली किंचित आत वळतो व शेपूट उंचावर असते. बार्बचे नाक सरळ किंवा फुगीर, पुठ्ठा उतरता आणि शेपटीचे मूळ खाली असते. संकरातून झालेल्या घोड्याला 'अरब-बार्ब' असे निराळे नाव आहे, आणि १९८७ मध्ये अल्जीअर्स येथे स्थापन झालेली बार्ब घोड्यांची जागतिक संघटनाही या दोहोंत फरक करते.