पहिल्या फेलोशिपचा अर्ज लिहिण्याआधी

पीएचडी संपत आलीय ना? मग चांगलं जर्नल शोधण्याआधी एक चांगला डॉक्टर शोध. रुग्णाच्याच टी-पेशींत (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींत) जनुक घालून त्यांना कर्करोगी बी-पेशींवरचं (याही पांढऱ्या पेशीच) सीडी१९ हे प्रथिन ओळखायला शिकवणारी नेक्सकार१९ उपचारपद्धती आयआयटी मुंबईत घडली. पण टाटा मेमोरियलचे डॉक्टर सोबत होते म्हणून ती रुग्णापर्यंत पोचली. ऑक्टोबर २०२३मध्ये मान्यताही मिळाली. मला असा सोबती मिळायला सहा वर्षं लागली, त्याची हळहळ अजून आहे.

जैववैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या इंडिया अलायन्सच्या अर्ली करिअर फेलोशिपचा विचार जरूर कर (५ वर्षांचा निधी, तोही स्वतःच्या प्रश्नासाठी!). मसुदा मात्र आधी एखाद्या निवासी डॉक्टरला वाचायला दे. पहिल्याच पानावर त्याला तुझा प्रश्न कळला नाही, तर ते पान पुन्हा लिही.