शेततळ्यात मासे सोडले आहेत. बांधावरचं तण मारायला ग्लायफोसेट वापरलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की बांधावर हरळी, लव्हाळा आणि गाजरगवत माजलंय, पाण्यात पाणकणीस सरकत चाललंय, मजूर मिळत नाहीत आणि तळ्यात रोहू-कटला आहेत. माझं मत: बांधाच्या बाहेरच्या अंगाला जपून मारता येईल, पाण्याकडच्या उतारावर अजिबात नको.

ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट चिकटतं, त्यामुळे ते झिरपत तळ्यात उतरेल ही भीती कमीच. पण बाटलीत नुसतं ग्लायफोसेट नसतं. औषध पानावर पसरावं म्हणून त्यात साबणासारखं एक द्रव्य घातलेलं असतं, आणि मासे व बेडकांच्या पिल्लांना बऱ्याचदा मूळ औषधापेक्षा तेच जास्त बाधतं. अमेरिकेत पाण्यातल्या तणासाठी हे द्रव्य नसलेलं ग्लायफोसेट वेगळं विकतात. आपल्याकडे दुकानात मिळणारं ४१ टक्क्यांचं नेहमीचं औषध म्हणजे ते नव्हे. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फत करण्याची अधिसूचना काढली होती. आज नेमका काय नियम आहे ते तालुका कृषी अधिकाऱ्यांना विचारूनच बाटली घ्या.

आणि हरळीला शत्रू का समजता? आतल्या उतारावरची माती तिनेच धरून ठेवलीय. ती मारली की पहिल्याच मोठ्या पावसात माती तळ्यात येणार, आणि मातीला चिकटलेलं औषधही तिच्यासोबत येणार. तिथे विळ्याने कापत राहा, जनावरांना चारा होईल.

पाणकणीस रुजलंय म्हणजे तुमचं तळं बिनकागदाचं, म्हणजे तळाला प्लास्टिक न अंथरलेलं दिसतं. पाणकणसाला औषधाची गरजच नाही. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की अगदी बुडातून कापा, पुढे पाणी चढून खुंट बुडाले पाहिजेत. पोकळ देठातूनच मुळांना हवा जाते. खुंट पाण्याखाली राहिले की खालचे कंद कुजतात. पाण्याबाहेर बोटभर जरी खुंट राहिला तरी पुन्हा फुटतं. कापलेलं सगळं बाहेर ओढा, कारण पाण्यात सडणारं गवत प्राणवायू खातं. औषध मारून पाण्यातलं तण एकदम मारण्यातला मोठा धोका हाच आहे: औषधाने न मेलेले मासे आठवड्याभराने गुदमरून मरतात.

आता बाहेरचं अंग. नोझल कीटकनाशकाचं कोनाचं नको, त्याचे बारीक थेंब वाऱ्यावर जातात. चपट्या फवाऱ्याचं नोझल लावा, त्यावर प्लास्टिकचा हूड बसवा, दाब कमी ठेवा आणि नोझल गुडघ्याच्या खालीच धरा. वारा तळ्याकडून बाहेर वाहत असेल तेव्हाच मारा. पहाटे पान हलत नाही तेव्हा फवारावं असं वाटतं, पण त्या पडलेल्या हवेत बारीक थेंब खाली न बसता तरंगत राहतात. ऊन जरा वर आल्यावरची मंद झुळूक बरी. पुढचा दिवसभर तरी पाऊस नसावा.

तण हिरवंगार, वाढीत असलं पाहिजे. धुळीने माखलेल्या किंवा उन्हाने कोमेजलेल्या पानावर ग्लायफोसेट वाया जातं. पंपात गढूळ पाणी घातलं तरी तेच होतं, औषध गाळाला चिकटून बसतं. मात्रा लेबलवरचीच. आधी साध्या पाण्याने एक गुंठा फवारून बघा: चार लिटर लागले तर एकराला १६० लिटर धरा आणि त्या हिशेबाने औषध मोजा. 'पंपाला दोन टोपणं' हा हिशेब नव्हे.

दुकानदार पॅराक्वाट हे दुसरं तणनाशक पुढे करील. दोन दिवसांत सगळं जळालेलं दिसतं खरं, पण लव्हाळ्याच्या गाठी शाबूत राहतात, आणि चुकून पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. मी ते घरात ठेवत नाही. २,४-डी हे आणखी एक तणनाशक गाजरगवतावर चालतं, पण शेजारी कपाशी किंवा द्राक्ष असेल तर नादी लागू नका. तसंही गाजरगवतावर पांढरट पाठीचे, तपकिरी रेघांचे मेक्सिकन भुंगे दिसले तर तेवढा भाग फवारणीतून सोडून द्या, ते फुकटात काम करताहेत.

पंप तळ्यात बुडवून भरू नका, बादलीने पाणी काढून दूर कालवा. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, मग तिला भोक पाडा. पंप ओढ्यावर धुऊ नका, आणि तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. नंतर कधी पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर प्राणवायू कमी पडलाय. मोटार लावून तळ्याचंच पाणी उंचावरून परत तळ्यात सोडा आणि मेलेलं गवत लगेच काढा.