बुटीबोरीच्या कारखान्यात सुधारणा विभागात रुजू होणाऱ्या तुला

पहिला महिनाभर काहीच बदलू नकोस. तिन्ही पाळ्यांत मशीनपाशी उभा राहा. रात्रपाळी तर चुकवूच नको. कामाची खरी पद्धत तिथेच दिसते.

मी हिंगण्याच्या कारखान्यात नवा असताना साच्यांचे रॅक एका रविवारी पश्चिमेच्या भिंतीशी हलवले. कागदावर कामगारांची ये-जा निम्म्याने कमी होत होती. आठवडाभरात अर्धे साचे जुन्या जागी परत आले. मे महिन्यात ती भिंत दुपारी इतकी तापते की तिच्याजवळ उभं राहवत नाही, हे एका जुन्या ऑपरेटरकाकांनी नंतर सांगितलं. ते आधीही सांगायला आले होते, मीच थांबलो नाही. त्याची खंत अजून वाटते.

मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविनने १९४७ मध्ये बदलाचे तीन टप्पे मांडले: जुनी घडी सैल करणं, बदल करणं, नवी घडी बसवणं. आपण सगळा जोर मधल्यावर लावतो, आणि साहेबांची पाहणी संपली की गाडी मूळपदावर.

म्हणून गुणवत्तातज्ज्ञ डेमिंगचं चक्र, म्हणजे योजना, प्रयोग, पडताळणी, अंमल, एकाच मशीनवर आणि एकाच पाळीत फिरव. साचा बदलायला आज किती मिनिटं लागतात ते आधी घड्याळ लावून लिहून ठेव. नाहीतर फरक पडला हे कशावरून सांगशील?

युनियनच्या प्रतिनिधीला परिपत्रक निघण्याआधी भेट. आणि कामगाराने सुचवलेली गोष्ट फलकावर त्याच्याच नावाने लाव, आपल्या विभागाच्या नाही.