फुटबॉलमध्ये माझ्या 14 वर्षांच्या मुलाला कोच डिफेन्सिव्ह मिडफिल्डर (बॅकच्या पुढं राहून समोरच्यांचा हल्ला तोडणारा) खेळवतात. या जागेवर करिअर होतं का, की स्ट्रायकरसाठी आग्रह धरावा?

आग्रह धरू नका. मुलाच्या नावावर गोल लागत नाहीत म्हणून तो मागं पडतोय, असं तुम्ही लिहिलंय. ते साफ चुकीचं आहे, आणि घरात त्याच्यासमोर हे बोलत असाल तर आजपासून बंद करा.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघातून बरीच वर्षं हाफ, म्हणजे याच जागेवर, खेळलो, म्हणून हे इतक्या ठामपणे सांगतोय.

एका सेमीफायनलला समोरच्या संघात एक धिप्पाड फॉरवर्ड होता. त्यांचा सगळा खेळ त्याच्यावर चालायचा. मागून लांब बॉल यायचा, हा तो छातीवर घ्यायचा आणि विंगला सोडायचा. त्याच्या आधीच्या मॅचेस मी स्टँडात बसून बघितल्या होत्या. बॉल हवेत असतानाच तो डाव्या खांद्यावरून मागं बघायचा आणि वळायचा मात्र उजवीकडं, दरवेळी. आमचे बॅक म्हणत होते, त्याला चिकटून राहा. मी चिकटलो नाही. चिकटलं की तो पाठ लावून बॉल झाकतो, आणि मग फाऊलशिवाय काही हाताला लागत नाही. मी त्याच्या पुढं, बॉल जिथून येणार त्या वाटेत उभा राहिलो. लांब बॉल डोक्यावरून गेला तर मागं आमचा स्टॉपर, म्हणजे मधला बॅक, होताच. अर्धी मॅच झाली तरी त्याला धड बॉल मिळेना. मग तो वैतागून टचलाइनपर्यंत जाऊन बॉल मागायला लागला आणि त्यांच्या गोलपुढची धार गेली. शेवटी शेवटी त्याच्याकडं निघालेला असाच एक पास मी मधेच कापला, शेजारच्याला दिला, त्यानं विंगला, तिथून क्रॉस, आणि आमच्या फॉरवर्डनं हेडरवर गोल केला. मॅच आम्ही एक-शून्यनं काढली.

माईकवरून आमच्या त्या फॉरवर्डच्या नावानं रोख बक्षिसं पुकारली गेली. ती त्याच्या हक्काचीच होती, हेडर अवघड होता. पण रात्री तालमीत पैशाचा विषय निघाला तेव्हा संघाच्या एका पदाधिकाऱ्यानं मला सगळ्यांदेखत ऐकवलं, "गोल मारणाऱ्याला बघायला पब्लिक येतंय, तुला बघायला कोण येतंय? हाफला काय, कुणालाही उभा करता येतंय." पुढच्या हंगामाला त्यांनी पैसे मोजून बाहेरून आणखी एक फॉरवर्ड आणला आणि मला बाकावर बसवलं. त्या वर्षी संघानं गोल भरपूर मारले आणि त्याहून जास्त खाल्ले. मी संघ सोडला. पेठ सोडून दुसऱ्या संघाचा शर्ट घालणं आमच्याकडं सोपं नसतं, कैक जण माझ्याशी बोलायचे बंद झाले. तरी सोडला, आणि ते बरोबरच होतं.

हे फक्त गल्लीतल्या संघांत होतं असं समजू नका. 2003 च्या उन्हाळ्यात स्पेनच्या रिअल माद्रिद क्लबनं हेच केलं. फ्रान्सचा क्लॉद मॅकलेले याच जागेवर त्यांच्याकडं तीन हंगाम खेळला. त्यात दोनदा लीग आणि 2002 ची चॅम्पियन्स लीग आली. झिदान, फिगो, ब्राझीलचा रोनाल्डो बिनघोर पुढं जायचे, कारण मागची मोकळी जागा हा एकटा झाकायचा. पगार त्यांच्या कितीतरी खाली. वाढवून मागितला तर अध्यक्ष फ्लोरेंतिनो पेरेझनी नकार दिला. त्याच उन्हाळ्यात बेकहॅमला वाजतगाजत आणलं आणि मॅकलेलेला इंग्लंडच्या चेल्सी क्लबला जाऊ दिलं. पुढच्या हंगामात माद्रिद लीगच्या शेवटच्या पाचही मॅच हरून चौथ्या नंबरवर आलं. नंतरची लीग त्यांना 2007 मध्ये मिळाली. चेल्सीनं 2004-05 मध्ये 38 मॅचमध्ये फक्त 15 गोल खाल्ले आणि लीग जिंकली. मॅकलेलेचे चेल्सीसाठी पाच वर्षांत गोल किती? दोन. त्यातला एक तर पेनल्टी गोलकीपरनं अडवल्यावर परत आलेल्या बॉलवर. तुमच्या हिशेबानं हा माणूस मागं पडलेला! फ्रान्सकडून तो 2006 च्या विश्वचषकाची फायनल खेळला, आणि युरोपात आजही त्या जागेला त्याचं नाव देतात.

आणखी एक. फ्रान्सच्या नांत क्लबमध्ये सुरुवातीला मॅकलेले उजव्या बाजूला खेळायचा, मधली जागा त्याला नंतर मिळाली. तेव्हा 14 व्या वर्षीची जागा कायमची नसते. कोचला ठरवू द्या. तुम्ही एवढंच बघा, की बॉल पायाशी येण्याआधी पोरगं दोन्ही खांद्यांवरून मागं बघतं का, आणि डाव्या पायानंही पास सरळ देतं का. ही सवय आता लागली नाही तर पुढं जड जातं. स्टॅमिना नंतरही वाढवता येतो.

आता करिअरचं. स्ट्रायकर झाला की वाट सोपी, हा भ्रम आहे. आयएसएलचे (इंडियन सुपर लीग) क्लब गोल मारायच्या जागा बहुधा परदेशी खेळाडूंना देतात. म्हणजे आपल्या पोरांना सगळ्यात अवघड तीच जागा. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव फॉरवर्ड म्हणून 2017 चा 17 वर्षांखालचा विश्वचषक खेळला, पण तसे किती निघतात? मधल्या जागेवरही परदेशी असतातच, हे खरं. आणि पैशाचं म्हणाल तर भारतात कुठल्याच जागेवर भरवसा नाही. 2025 मध्ये आयएसएलचा हंगामच वेळेवर सुरू झाला नाही. म्हणून दहावी-बारावी सोडू देऊ नका.

आणि तुमच्या क्लबमध्ये किंवा मंडळात गोल मोजून पैसे वाटत असतील, तर पालक म्हणून मीटिंगमध्ये उठून विचारा, की गोलच्या आधी बॉल काढून कुणी दिला. तिथं कुणी "हाफला कुणालाही उभा करता येतंय" म्हणालं, तर पोराला त्याच दिवशी दुसऱ्या क्लबमध्ये घाला.