क्वेबेकच्या नोंदींतला ‘दी’ : हा आपला उर्फ आहे का?

प्रश्न असा आहे : सुनेचे पूर्वज कॅनडातल्या क्वेबेकचे. तिथल्या चर्चच्या जुन्या नोंदीत ‘निकोला रिव्हार दी लाव्हीन्य’ असं नाव येतं. वंशजांपैकी काही नुसते रिव्हार, काही नुसते लाव्हीन्य. ‘दी’ म्हणजे उर्फच ना? मग खरं आडनाव कोणतं?

शब्दाचा अर्थ तोच. फ्रेंचमध्ये ‘दीर’ म्हणजे म्हणणे, त्यावरून ‘दी’ म्हणजे ‘म्हटलेला’. लिहिताना शेवटी ‘टी’ हे अक्षर असतं, पण त्याचा उच्चार होत नाही. बाईच्या नावात ‘दीत’ होतं, तिथे तो ऐकू येतो. वागणूक मात्र उर्फसारखी नाही. ‘धोंडोपंत ऊर्फ नानासाहेब’ यातलं दुसरं नाव त्या एका माणसापुरतं. ‘दी’नंतरचं नाव आडनावाला चिकटतं आणि मुलानातवंडांकडे जातं. भट घराण्याचे पुढे पेशवे झाले, तसं काहीसं. म्हणून रिव्हार आणि लाव्हीन्य दोन्ही खरी आडनावं.

ही प्रथा रुजण्यात फौजेचा वाटा मोठा. शिपायाला टोपणनाव असायचं : लाफ्लर (फूल), सांसूसी (बिनघोर), जोलिकर (आनंदी मनाचा). १६६५ मध्ये कारिन्यां-सालिएर या फ्रेंच पलटणीचे सुमारे १,२०० लोक न्यू फ्रान्समध्ये, म्हणजे तिथल्या फ्रेंच वसाहतीत, उतरले. त्यांतले चारेकशे तिथेच स्थायिक झाले आणि टोपणनावं वसाहतीत मुरली. पण शिपाईगिरी हे एकच कारण नव्हे. काही नावं मूळ प्रांतावरून आली, काही बापाच्या नावावरून, काही भावाभावांत फरक कळावा म्हणून. सेंतोंज हे असंच प्रांताचं नाव. ते फोडून ‘सेंत-ओंज’ लिहितात, तेव्हा संताचं वाटतं. तसा संत शोधू नका.

रिव्हार घराण्यात हे फार सुंदर दिसतं. क्वेबेकमधल्या बातिस्कां गावी स्थायिक झालेले दोन सख्खे भाऊ. निकोला ‘दी लाव्हीन्य’, म्हणजे द्राक्षवेल. रोबेर ‘दी लोरांजे’, म्हणजे संत्र्याचं झाड. पुढे याच घराण्यात लानुएत, द्युफ्रेन अशा शाखा फुटल्या. म्हणजे आज लोरांजे आणि लाव्हीन्य लावणारे एका आजोबांचे असू शकतात. उलट मॉन्ट्रियलचे उर्बें तेसिए हेही ‘दी लाव्हीन्य’च, आणि त्यांचा रिव्हारांशी संबंध नाही. आडनाव जुळलं म्हणून नातं जोडलं, की वंशावळ हमखास फसते.

म्हणून आडनावाच्या मागे न लागता जोडपं धरा. लग्नाच्या नोंदीपासून सुरुवात करा. तिच्यात बहुधा वधूवरांच्या आईवडिलांची नावं आणि चर्चचं गाव असतं. बायका लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावत, अगदी मृत्यूच्या नोंदीतही. त्यामुळे नवऱ्याचं आडनाव एका नोंदीत रिव्हार आणि दुसरीत लाव्हीन्य असलं, तरी बायकोच्या नावावरून जोडपं पक्कं ओळखता येतं. शोधताना दोन्ही आडनावं वेगवेगळी घाला, मग जोडून घाला. स्पेलिंगही बदलून पाहा. पाद्री कानावर पडेल तसं लिहीत, आणि सांगणाऱ्याला बहुतेक वेळा वाचता येत नसे.

बाप्तिस्म्याच्या नावांत आणखी एक अडचण येते. पुढेपुढे मुलाच्या नावाआधी ‘जोसेफ’ आणि मुलीच्या आधी ‘मारी’ लावायची रीत पडली. मधलं नाव पुष्कळदा धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणाऱ्यांचं) असे आणि हाकेचं नाव शेवटी. ‘जोसेफ पिएर आंत्वान’ला घरी-दारी आंत्वान म्हणत. एकाच घरात चार जोसेफ दिसले तर गोंधळू नका. पण दोन आंत्वान दिसले तर पहिल्याच्या मृत्यूची नोंद आधी शोधा, कारण गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला देत असत.

एखाद्या चर्चची वही जळाली किंवा पानं गळाली असतील, तर दुसरी प्रत पाहा. नोंदी दोन प्रतींत ठेवून एक सरकारकडे द्यायचा नियम होता. शिवाय नोटरीकडचे (करार नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याकडचे) लग्नकरार असतातच. शाखा अमेरिकेत गेली असेल तर आडनावाचं भाषांतरही शोधून पाहा : बुआव्हेरचं ग्रीनवुड, लब्लांचं व्हाइट, रुआचं किंग.