तासगावहून सांगली-मिरजेत मीटिंगला जायचं असेल तर

भावा, तू लिहिलंयस की सकाळी उठलं की हात थरथरतात, थोडी दारू पोटात गेली की थांबतात. व्यसनमुक्ती केंद्रात भरती व्हायचं नाही, सांगली-मिरजेतल्या एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट) मीटिंगला जाऊन सोडायची आहे. कुणी ओळखलं तर काय, ही धास्ती आहे, आणि बायकोला न्यायचं का तेही विचारलंयस. मी या मीटिंगांत बरीच वर्षं बसतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हाताचं बघू. सकाळी थरथर होते याचा अर्थ शरीराला दारूची सवय लागलीय, आणि अशा माणसानं एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, आणि यात जीवही जातो. म्हणून उद्यापासून थेंब नाही, अशी शपथ घरी बसून घेऊ नकोस. मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीला जा, नाहीतर ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञाला खरा आकडा सांग. क्वार्टर असेल तर क्वार्टर, दोन असतील तर दोन. ते औषध देतील, बी-१ चं जीवनसत्त्व देतील, आणि गरज वाटली तर चार-आठ दिवस ठेवून घेतील. त्याला हार समजू नकोस. एए हे औषध नव्हे आणि तिथे कुणी डॉक्टर म्हणून बसलेला नसतो. दोन्ही बरोबर चालतात. आणि घरच्यांनी 'न सांगता जेवणात घाला' असली पावडर आणू नये, हे आत्ताच सांगून ठेव. त्यात दारूची रिअ‍ॅक्शन आणणारं औषध असेल आणि वरून तू प्यालास, तर बीपी कोसळून अनर्थ होतो.

आता मीटिंग. पत्ता आणि वार मी इथे टाकत नाही, कारण या जागा उसन्या असतात, शाळेचा वर्ग नाहीतर चर्चचा हॉल, आणि सुट्टी किंवा कार्यक्रम आला की वेळ हलते. एए इंडियाच्या वेबसाइटवर मीटिंगा आणि फोन नंबर मिळतात, तिथून त्या दिवशीचं पक्कं कर. नाही जमलं तर केंद्र सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, फुकट आहे. व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या डॉक्टरांकडे आणि केंद्रांकडेही गावोगावच्या ग्रुपचे नंबर असतात. फोनवर मुद्दाम विचार, मीटिंग किती वाजता सुटते, कारण परतीची एसटी चुकली की 'आता लॉजवर राहू' इथून सगळं परत सुरू होतं.

चर्च म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या भुवया वर जातात. काळजी करू नकोस, धर्माशी संबंध नाही. १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले तिथून हे सुरू झालं, आणि १९५७ पासून मुंबईत आहे. विठ्ठल मानणारा, नमाज पढणारा आणि काहीच न मानणारा एकाच बाकावर बसतो. माळ घातली असशील तर ती काढायची गरज नाही. फी नाही, आधार कार्ड लागत नाही. शेवटी एक डबा फिरतो, त्यात दहा रुपये टाकले तरी चालतात, नाही टाकले तरी चालतात. अट एकच, दारू सोडायची इच्छा.

आत गेल्यावर कोण काय बोलतं? एकेक जण उठून स्वतःचं सांगतो, मध्ये कुणी सल्ला देत नाही. तुला बोलायचं नसेल तर 'आज ऐकतो' म्हण. काही शेअरिंग कंटाळवाणी असतात, कुणी तेच तेच सांगतो. पहिल्या मीटिंगवरून मत बनवू नकोस, निदान पाच-सहा बघ. आणि मीटिंगच्या आधी-नंतर चहाला थांब, मला तर खरी मीटिंग तिथेच वाटते. दोन-तीन जणांचे नंबर घे. बेदाण्याचा सौदा झाला, हातात पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, आली, मित्र म्हणाले बसू या, तेव्हा फोन करायला कुणीतरी लागतो, आणि तो दारू समजणारा असावा लागतो.

ओळखीचं भेटलं तर? भेटेलच, जिल्हा केवढासा. पण तोही त्याच कारणासाठी आलेला असतो, आणि इथलं बाहेर न्यायचं नाही ही प्रथा लोक कसोशीनं पाळतात. तरीही जीव धजत नसेल तर सुरुवातीला सांगलीऐवजी मिरज गाठ. मात्र कायम लांबची मीटिंग धरू नकोस. लांबचं असलं की पावसाचं, पाहुण्यांचं, छाटणीचं निमित्त पुरतं. मराठीत ऑनलाइन मीटिंगाही असतात, त्या मधल्या दिवसांना चांगल्या, पण फक्त त्यांच्यावर राहू नये असं माझं मत.

वहिनींचं. त्यांच्यासाठी अल-अनॉन ही वेगळी मीटिंग असते, पिणाऱ्यांच्या घरच्यांची, आणि तिथे त्या तुझ्याशिवाय गेल्या तरी चालतं. तू सोडलीस न सोडलीस, त्यांना ती उपयोगी पडते. एएच्या मीटिंगा दोन तऱ्हेच्या: ओपनला कुणीही बसू शकतं, क्लोज्डला फक्त दारू सोडायची आहे असे. क्लोज्ड असली तर त्यांना दीड तास बाहेर ताटकळावं लागेल, तेव्हा फोन करशील तेव्हाच हेही विचारून घे.