अपुऱ्या भिंतींचा अभ्यास

प्रश्न : चित्रकला शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर प्राचीन इजिप्तची कला आणि वास्तुकला शिस्तीने अभ्यासावी, असे मनात आहे, मात्र तेथे जाणे जमणार नाही. चेहरा बाजूने आणि डोळा समोरून रंगवण्याची पद्धत अज्ञानातून आली का? प्रारंभ पिरॅमिडपासून करावा का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : पिरॅमिड तूर्त बाजूला ठेवावेत आणि अपुऱ्या राहिलेल्या कामाकडे वळावे, कारण पुऱ्या झालेल्या भिंतीवर कारागिराची रीत रंगाखाली झाकली जाते. राजांच्या खोऱ्यातील (इजिप्तच्या राजांची दफनभूमी) होरेमहेब राजाच्या थडग्यात (इ.स.पू. सुमारे १३००) लाल रेषांचे कच्चे रेखाटन, त्यावर काळ्या रेषांनी केलेली दुरुस्ती आणि अर्धवट कोरलेली उठावचित्रे हे सारे टप्पे जसेच्या तसे पाहायला मिळतात. उभ्या माणसाची उंची तळपायापासून कपाळावरील केसांच्या कडेपर्यंत आखलेल्या जाळीच्या १८ चौकोनांत बसवण्याचा प्रघात होता. आलेखाच्या कागदावर अशी एक आकृती आपण स्वतः काढून पाहावी. आपल्या पेशाला ते अवघड नाही, आणि नुसत्या वाचनाने जे कळत नाही ते त्यातून कळेल.

चेहऱ्याचा प्रकार अज्ञानातून मुळीच आलेला नाही. ब्रिटिश म्युझियममधील नेबामुन या इजिप्शियन अधिकाऱ्याच्या थडग्याच्या भित्तिचित्रात मेजवानीतील दोन वादक स्त्रिया चक्क समोरून रंगवल्या आहेत. ज्याच्या मरणोत्तर अस्तित्वासाठी चित्र काढायचे, त्याच्या शरीराचा प्रत्येक भाग मात्र ज्या बाजूने नीट ओळखू येतो त्या बाजूने दाखवण्याचा दंडक होता. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संकेतस्थळावर थडग्यांतील चित्रांच्या हातांनी केलेल्या प्रतिकृती मोठ्या आकारात विनामूल्य पाहता येतात. सरावाला त्या पुरेशा आहेत.

वास्तुकलेचा आरंभ सक्कारा येथील जोसेर राजाच्या दफन-संकुलापासून (इ.स.पू. सुमारे २६५०) करावा. तेथील प्रवेशमार्गातले खांब बोरूच्या जुड्यांसारखे कोरलेले आहेत आणि आधाराच्या भिंतींना जोडलेले आहेत. दगडाच्या ताकदीवर तोवर पुरता विश्वास बसला नसावा, असे माझे मत आहे. पुढे कर्नाकच्या मंदिरातील मंडपात १३४ स्तंभ दाटीने उभे राहिले. दगडी तुळई वाकण्याचा ताण फारसा सोसत नाही, त्यामुळे छत मोठे करायचे तर खांब वाढवावे लागतात. हे चित्रांवरून पटणार नाही. चिऱ्यांच्या मुलखात बेसाल्टमध्ये बांधलेल्या, आपल्या गोव्यातीलच तांबडी सुर्ल्याच्या महादेव मंदिरात जाऊन मंडपातील खांबांमधील अंतर मोजावे आणि मग कर्नाकचा आराखडा उघडावा.